‘हॅव’ लावायचं की नाही

सकाळी ६

मिरजेतल्या परिचारिकांची ही ऑनलाइन बॅच. आठला पाळी लागते, म्हणून सातला सोडावंच लागतं. कुणी पोळ्या लाटता लाटता ऐकते, तर कुणी हॉस्टेलच्या जिन्यात बसून, कारण खोलीतल्या दुसरीची सुट्टी असते आणि तिला झोपायचं असतं. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत नर्स म्हणून नोंदणी करायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. माझ्या मुली ओईटी देतात. त्या परीक्षेतला पत्रलेखनाचा भाग मला फार आवडतो. पंचेचाळीस मिनिटं असतात, त्यांतली पहिली पाच नुसतं वाचायचं. समोर रुग्णाच्या नोंदी ठेवलेल्या असतात आणि त्यांवरून पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं.

गंमत अशी की या नोंदींना काळ नसतो. ‘१२ मार्च – दाखल. ताप, ३ दिवस. पॅरासिटामॉल.’ क्रियापदच नाही, तिथे काळ कुठून येणार? ताप होता की आहे, गोळी दिली होती की दिली आहे, हे सगळं पत्र लिहिणारीने ठरवायचं. गुण तिथेच मिळतात आणि जातातही तिथेच.

आज पडद्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘शी हॅज बीन इन द आयसीयू फॉर थ्री डेज.’ ‘शी वॉज इन द आयसीयू फॉर थ्री डेज.’ फरक काय, असं विचारलं.

“पहिलं पूर्ण आहे ना मॅडम. परफेक्ट टेन्स.”

“मग बाई आयसीयूतून बाहेर आल्या का?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. पोळ्या लाटणारीचं लाटणंसुद्धा थांबलं.

घोडं नेमकं इथे पेंड खातं. ‘पूर्ण’ म्हटलं की डोक्यात येतं, झालं, संपलं. पण पहिल्या वाक्यात काहीच संपलेलं नाही. बाई अजून आयसीयूतच आहेत. संपलंय ते दुसऱ्या वाक्यात, आणि त्याला कुणी ‘पूर्ण’ म्हणत नाही. शाळेत या काळाचं नाव ‘पूर्ण वर्तमानकाळ’ असं शिकवलं. पोरांनी त्यातलं ‘पूर्ण’ तेवढं उचललं आणि ‘वर्तमान’ तिथेच टाकून आली. माझं मत विचाराल तर उलटं करायला हवं होतं. हा काळ आधी वर्तमानाचा आहे. घडलेल्या गोष्टीचं आत्ताशी काही देणंघेणं आहे, एवढंच ‘हॅव’ सांगतं. गोष्ट पाच मिनिटांपूर्वी घडली की पन्नास वर्षांपूर्वी, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

गोळीचं उदाहरण दिलं की नर्सेसना हे पटकन कळतं. ‘शी टुक पॅरासिटामॉल’ म्हटलं की ती रुग्णाच्या इतिहासातली एक नोंद झाली. ‘शी हॅज टेकन पॅरासिटामॉल’ म्हटलं की ऐकणारा डॉक्टर घड्याळाकडे बघतो, कारण दोन मात्रांमध्ये निदान चार तास तरी जायला हवेत. वाक्यात वेळ सांगितलेली नाही, तरी ते समोरच्याला वेळ विचारायला लावतं. तो विचारतो, कधी? आणि उत्तर देताना ‘हॅज’ गळून पडतं: ‘शी टुक इट ॲट फाइव्ह थर्टी.’ म्हणजे ‘हॅव’ने विषय काढायचा आणि साध्या भूतकाळाने तपशील द्यायचा. इंग्रजी वर्तमानपत्रातली बातमी बहुतेक वेळा याच चालीने जाते. पहिल्या ओळीत सरकारने अमुक जाहीर ‘केलं आहे’, दुसऱ्या ओळीपासून मंत्री सोमवारी काय म्हणाले, कुठे म्हणाले, सगळं साध्या भूतकाळात.

पाळी बदलताना रुग्ण दुसरीच्या ताब्यात देतात, तेव्हा इंग्रजी रुग्णालयांत एसबीएआर नावाचा एक साचा वापरतात: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस. त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांत मला हाच भेद दिसतो. परिस्थिती सांगताना ‘हॅज डेव्हलप्ड अ फीव्हर’. पार्श्वभूमी सांगताना ‘वॉज ॲडमिटेड ऑन संडे’. मुली हा साचा आधीच जाणतात, त्यामुळे व्याकरणाचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

सातला दोन मिनिटं असताना एकीने हात वर केला. ही जर्मनही शिकते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडे जर्मनचे क्लास बरेच निघालेत. तिचा प्रश्न खरा होता. जर्मनमध्ये ‘इष हाबे इन गेस्टर्न गेझेएन’ चालतं, म्हणजे ‘हॅव’ही आणि ‘काल’ही. मराठीतही ‘तो काल पुण्याहून आला आहे’ असं आपण सहज म्हणतो. मग इंग्रजीलाच काय धाड भरली? दुपारी सांगते, म्हटलं, आणि सोडलं.

सकाळी ७.१०

फोनवर निरोप. ‘मॅडम, धिस मॉर्निंगला हॅव लावायचं की नाही?’

घड्याळ बघ, असं उत्तर दिलं. सकाळी दहाला ‘आय हॅव टेकन थ्री बीपी रीडिंग्ज धिस मॉर्निंग’, कारण सकाळ अजून चालू आहे आणि चौथं रीडिंग होऊ शकतं. दुपारी दोनला, पाळी सोपवताना, तीच तीन रीडिंग्ज आणि तोच ‘धिस मॉर्निंग’, पण आता ‘आय टुक’. मधल्या काळात रीडिंग्जना काही झालेलं नाही, फक्त सकाळ बंद झाली. ‘टुडे’ मात्र मध्यरात्रीपर्यंत उघडा असतो, ‘धिस वीक’ आठवडा सरेपर्यंत. ‘यस्टर्डे’ कायमचा बंद.

चहा झाला. भांडीवाल्या मावशींनी विचारलं, “जेवलात का?” सकाळी साडेसातला! त्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो.

सकाळी ९

मार्केट यार्डातली पेढी. सांगलीची हळद आणि बेदाणा जगभर जातो, आणि त्याच्यामागून ईमेल जातात. शेठ हिशोबाला पक्के आहेत, इंग्रजीही धाडसाने लिहितात. पण मोठ्या ग्राहकाला पत्र पाठवायचं असलं की आधी माझ्याकडून वाचून घेतात. नऊला बोलावतात, कारण नंतर सौदे सुरू झाले की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.

आजच्या पत्रातलं पहिलंच वाक्य: ‘वी हॅड डिस्पॅच्ड द कंटेनर ऑन फिफ्थ मार्च.’

“शेठ, कंटेनर परत आला का?”

“परत कशाला येतोय? दुबईत पोचलाय की.”

“मग ‘हॅड’ कशाला?”

“पाठवला होता म्हणून ‘हॅड’. ‘होता’ला ‘हॅड’च की मॅडम. शाळेत हेच शिकवलं आम्हाला.”

शिकवलं होतं हे खरं, आणि शेठच्या पिढीपुरतंच ते राहिलेलं नाही. ‘आय हॅड गॉन टू मार्केट यस्टर्डे’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत रोज ऐकू येतं. मराठीत ‘होता’ अतिशय कामाचा आहे. ‘मी काल फोन केला होता’ म्हटलं की आवाजात नम्रता येते आणि बारीकशी तक्रारही: केला होता, तुम्ही उचलला नाही. ‘खिडकी उघडली होती’ म्हटलं की आता ती बंद असेल असा वास येतो. घटना एक पाऊल मागे सरकते. इंग्रजीत हे मागे सरकवण्याचं बहुतेक काम साधा भूतकाळच करतो. ‘हॅड’ राखून ठेवलेलं असतं ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कुठली, हे सांगण्यासाठी. म्हणून ‘वी हॅड डिस्पॅच्ड’ वाचणारा दुबईकर पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. पाठवला होता, आणि मग? अडवला? बुडाला? तुम्ही ऑर्डर रद्द केलीत? पुढे काहीच नसलं की त्याला वाटतं, माणूस काहीतरी लपवतोय.

‘डिस्पॅच्ड’ केलं. ‘हॅड’ खोडलं.

खाली लिहिलं होतं, ‘वी हॅव रिसीव्ह्ड युअर पेमेंट ऑन ट्वेल्थ.’ हे जरा जवळ आलं. पैसे मिळालेत आणि ते आत्ता आपल्या खात्यात आहेत, तर ‘हॅव’ बरोबरच. खटकते ती तारीख. एक तर ‘वी हॅव रिसीव्ह्ड युअर पेमेंट, थँक यू’, नाही तर ‘वी रिसीव्ह्ड युअर पेमेंट ऑन ट्वेल्थ’. शेठना तारीख हवीच होती, कारण बँकेशी वाद चाललाय. मग ‘हॅव’ गेलं.

इतक्यात त्यांच्या मुलाने न्यूजर्सीच्या ग्राहकाचा निरोप दाखवला: ‘डिड यू शिप इट यट? आय ऑलरेडी पेड.’

“हा बघा, अमेरिकेतला माणूस! ह्यानं ‘हॅव’ दोन्हीकडं खाल्लंय. त्याला कोण सांगणार?”

त्याला कुणीच सांगायचं नाही. शाळेत आपल्याला ब्रिटिश इंग्रजी शिकवतात, आणि त्यात ‘यट’, ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’ यांच्या सोबतीला ‘हॅव’ लागतं. अमेरिकन माणूस बोलताना तिथे साधा भूतकाळ सहज वापरतो आणि कुणाच्या कानाला ते खटकत नाही. पण उलट सवलत मात्र तिथेही नाही. ‘हॅव’च्या शेजारी ‘यस्टर्डे’ किंवा ‘ऑन ट्वेल्थ’ अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर चुकीचंच. शेठना हा पक्षपात पसंत पडला नाही. चहा मात्र फर्मास होता, आणि निघताना पावशेर बेदाणा पिशवीत आला.

सकाळी ११

घरी, टेबलापाशी. दोन-तीन वकील आणि परदेशी निघालेल्या मुलांचे पालक कागद पाठवतात. इंग्रजी तपासायचं किंवा मराठीचं इंग्रजी करायचं. दिवसातलं हे काम सगळ्यात नीरस, पण काळाच्या चुकीची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते तीही याच कागदांत.

अनुभवाचा दाखला घ्या. ‘हॅज बीन वर्किंग विथ अस सिन्स जून २०१८’ म्हणजे माणूस आजही नोकरीत आहे. ‘वर्क्ड विथ अस फ्रॉम जून २०१८ टू मे २०२१’ म्हणजे सोडून गेला. आपल्याकडच्या दाखल्यांत या दोन्हींची भेसळ असते: ‘हॅज वर्क्ड फ्रॉम २०१८ टू २०२१’. काही तर नुसतं ‘हॅज वर्क्ड सिन्स २०१८’ लिहून मोकळे होतात, आणि खाली सोडल्याची तारीख! व्हिसाचा अर्ज तपासणारा अधिकारी हा कागद मन लावून वाचतो. दाखल्यात माणूस नोकरीत आणि अर्जात बेकार, असं दिसलं की त्याला शंका येणारच. आजच्या दाखल्यावर शिक्का आणि सही आधीच झालेली होती. दुसरा करून आणायला सांगितलं. मुलाचा बाप वैतागला. “एका शब्दासाठी परत कोल्हापूर?”

त्याच मुलाच्या निवेदनात, विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात, ते हमखास वाक्य: ‘आय हॅव कम्प्लिटेड माय बीई इन २०१९.’ आपल्याकडच्या अर्जांत याच्याइतकं रुळलेलं वाक्य दुसरं नसेल. ‘हॅव’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पदवी मिळाली आहे, ती आजही माझ्याजवळ आहे. पण ‘इन २०१९’ आलं की दार बंद. साल हवं असेल तर ‘कम्प्लिटेड’. पदवीवर भर द्यायचा असेल तर साल काढून ‘हॅव कम्प्लिटेड’, किंवा सरळ ‘आय होल्ड अ बीई’.

वकिलांच्या कागदात एक युक्ती सापडते. मराठी खरेदीखतात असतं की सदर रक्कम मला मिळाली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. इंग्रजी करताना ‘हॅज रिसीव्ह्ड’ लागतंच, कारण ती आजची कबुली आहे. पण तारीखही सोडता येत नाही. मग तारीख धनादेशाला जोडायची: ‘हॅज रिसीव्ह्ड द सेड अमाउंट बाय चेक डेटेड थर्ड एप्रिल’. आता तीन एप्रिल हा चेकचा गुण झाला, मिळण्याची वेळ राहिली नाही, आणि व्याकरणाला बोट ठेवायला जागा उरली नाही. जुने लिहिणारे हे सरावाने करत आले आहेत.

दुपारी १.३०

जेवण, आणि मुलींना कबूल केलेलं उत्तर.

हान्स रायशेनबाख हा भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानातला मोठा माणूस. हिटलर सत्तेवर आल्यावर बर्लिन सोडून इस्तंबूलला गेला आणि तिथून लॉस एंजेलिसला. १९४७ सालच्या तर्कशास्त्रावरच्या पुस्तकात त्याने काळांवर थोडी पानं खर्च केली, आणि भाषाशास्त्रज्ञ आजही ती उघडून बसतात. तो म्हणतो, दोन बिंदू पुरत नाहीत, तीन हवेत. घटना कधी घडली, आपण कधी बोलतोय, आणि आपण कुठे उभे राहून बघतोय. साध्या भूतकाळात बघणारा घटनेपाशी जाऊन उभा राहतो. ‘हॅव’मध्ये तो बोलण्याच्या क्षणापाशीच उभा असतो आणि तिथून मागे बघतो. ‘हॅड’मध्ये तो मधे कुठेतरी उभा असतो, घटना त्याच्याही मागे. शेठचा कंटेनर याच मधल्या जागेवर अडकला होता.

पण ‘काल’ का चालत नाही? वोल्फगांग क्लाइन, नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेत काम केलेला जर्मन भाषाशास्त्रज्ञ. त्याने १९९२ साली या प्रश्नाला ‘प्रेझेंट परफेक्ट पझल’ असं नाव देऊन एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: वाक्याला कॅलेंडरवर एकच खिळा मारता येतो. ‘हॅव’ हे क्रियापद वर्तमानाचं, त्याने वाक्य आधीच ‘आत्ता’वर ठोकलंय. त्यावर ‘काल’ आणला की घटनेलाही दुसरा खिळा बसतो, आणि इंग्रजीला तो सोसत नाही. जर्मनमधला ‘हाबे’ इतका घट्ट ठोकत नाही, म्हणून तिथे ‘गेस्टर्न’ला जागा राहते. आपला ‘आला आहे’ही तसाच सैल. या उत्तरावर पुढे बरेच वाद झाले, तरी वर्गात सांगण्याजोगं याहून बरं मला दुसरं सापडलेलं नाही. तेवढं रेकॉर्ड करून गटावर टाकलं.

दुपारी ४

दहावी. दप्तरं आणि सॅंडलींचा ढीग.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे ही पोरं दहा वर्षं इंग्रजी शिकून माझ्यासमोर बसली आहेत. त्यांना सगळे नियम पाठ आहेत. व्हर्बचं तिसरं रूप विचारा, झोपेतून उठूनही सांगतील. पण वापर विचारला की शांतता. दोष त्यांचा नाही. प्रश्नपत्रिकेत ‘डू ॲज डायरेक्टेड’ असतं: अमुक वाक्य प्रेझेंट परफेक्टमध्ये बदला. ‘ही वेंट टू स्कूल’चं करा ‘ही हॅज गॉन टू स्कूल’. गुण मिळाला. पण कोण कुणाला, कुठे, कशासाठी सांगतंय, हे काहीच नाही. काळ म्हणजे जणू शर्ट, काढला आणि दुसरा घातला. असल्या सरावाने मुलांचं चांगलं होण्यापेक्षा नुकसानच जास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तरी परीक्षेसाठी तोच सराव मी रोज घेते.

रेन आणि मार्टिनचं जाड पुस्तक कपाटात आहे. आमच्या आधीच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली, आम्ही रेन-मार्टिन. यांतला रेन तेव्हाच्या मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होता, आणि ‘बो जेस्ट’ ही फॉरेन लीजनवरची गाजलेली कादंबरी त्याचीच, १९२४ची. व्याकरण लिहिणारा माणूस वाळवंटातल्या शिपायांच्या कहाण्याही रचायचा, हे कळलं की मुलांना पुस्तक थोडं कमी कोरडं वाटतं. भूतकाळाच्या क्रियाविशेषणांसोबत हा काळ वापरू नका, हा इशारा त्यात स्पष्ट दिलेला आहे. कारण मात्र दिलेलं नाही.

आज पुस्तक बाजूला ठेवलं आणि चंद्रावर गेले.

२० जुलै १९६९. आर्मस्ट्राँगने ह्यूस्टनला कळवलं, ‘द ईगल हॅज लँडेड.’ ‘लँडेड’ एवढंच का नाही म्हणाला? एक पोरगा म्हणाला, “कारण ते अजून तिथंच उभं हाय.” शाब्बास. यान आत्ता चंद्रावर आहे, ही बातमी ‘हॅज’मध्ये आहे. इतिहासाच्या पुस्तकात मात्र ‘लँडेड ऑन ट्वेंटिएथ जुलै’.

मग २३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३ उतरलं ती संध्याकाळ या मुलांना स्वतःला आठवते. शाळेत मोठा पडदा लावला होता. इस्रोचे अध्यक्ष सोमनाथ यांनी पंतप्रधानांना सांगितलं, ‘वी हॅव अचीव्ह्ड सॉफ्ट लँडिंग ऑन द मून.’ आणि लगेच पुढचं वाक्य, ‘इंडिया इज ऑन द मून.’ मला वाटतं, या काळाचा याहून स्वच्छ धडा कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही. पहिल्या वाक्यात ‘हॅव’ आणि त्याचा अर्थ काय, ते दुसऱ्या वाक्यात साध्या वर्तमानकाळात. मुलांनी दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली.

आणि अपोलो-१३. एप्रिल १९७०, ऑक्सिजनची टाकी फुटली. यानातल्या स्वायगर्टने सांगितलं, पाठोपाठ लव्हेलनेही: ‘ह्यूस्टन, वी’व्ह हॅड अ प्रॉब्लेम.’ जगाला मात्र पाठ आहे ते १९९५च्या चित्रपटातलं, ‘वी हॅव अ प्रॉब्लेम’. पटकथेने काळ बदलला. “का बदलला असेल?” विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “बाई, ‘हॅड’ ऐकलं की वाटतं प्रॉब्लेम गेला.” चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला जे वाटू नये ते या मुलीला वाटलंच. खऱ्या वाक्यात काहीतरी घडलं आहे आणि आम्ही शोधतोय, असा वैमानिकाचा थंड सूर आहे. चित्रपटाला थंडपणा परवडत नाही. यावर वर्ग दहा मिनिटं भांडला आणि ‘डू ॲज डायरेक्टेड’ राहून गेलं.

सुटताना फक्त ‘गॉन’ आणि ‘बीन’. ‘ही हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे तो तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू पुणे’ म्हणजे जाऊन आलाय. “माझा भाऊ हॅज गॉन, मॅडम. दोन वर्षं झाली, फोन पण करत नाही.”

संध्याकाळी ६.३०

आयईएल्टीएसची मुलं. लेखनातल्या पहिल्या प्रश्नाला वीस मिनिटं, किमान दीडशे शब्द, आलेख वाचून वर्णन. इथे उत्तर बहुतेक वेळा सोपं असतं: आलेखाचं शेवटचं साल बघा. १९९० ते २०१० असेल तर सगळं भूतकाळात, एकही ‘हॅव’ नको. मुलं ‘हॅज इन्क्रीज्ड’ लिहितात, कारण वाढ अजून चालू असेल असं त्यांना वाटतं. असेलही. पण आलेख २०१०ला थांबला आहे, आणि आपण आलेखाबद्दल लिहितोय.

रात्री ८

जेवताना सामन्यानंतरच्या मुलाखती. एक ऑस्ट्रेलियन माजी खेळाडू षटकाचं वर्णन करत होता: तो पुढे आलाय, त्याने मारलाय, झेल उडालाय, सगळं ‘ही’ज कम डाउन, ही’ज हिट इट’ अशा चालीत. ब्रिटिश फुटबॉलचे समालोचकही असंच बोलतात. ऑस्ट्रेलियातल्या पोलिसांच्या निवेदनांत तर हा प्रकार इतका आहे की भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. घडून संपलेली घटना डोळ्यांसमोर आणण्यासाठी ते ‘हॅव’ वापरतात. माझ्या परीक्षार्थींनी असं लिहिलं तर गुण जातील. ज्यांची भाषा आहे त्यांना सूट असते.

रात्री ९.३०

एका मुलाच्या प्रबंधाचं प्रकरण. विषय अरुण कोलटकर. मुलगा चांगला वाचणारा आहे, त्यामुळे हे काम झोप टाळून करावंसं वाटतं.

‘कोलटकर हॅज पब्लिश्ड जेजुरी इन १९७६.’ साल आहे, तर ‘पब्लिश्ड’. ‘हॅज वन द कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ’ इथे साल नाही, तरी अडतं. कोलटकर २००४ साली गेले. ‘हॅज वन’ म्हटलं की वाचणाऱ्याला कवी अजून आहे, अजून काहीतरी जिंकेल असं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीचं ‘आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे गाजलेलं उदाहरण याच अडचणीवरचं आहे. आइन्स्टाइन १९५५ साली वारले, म्हणून ते वाक्य कानाला टोचतं. तेच फिरवून ‘प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन’ केलं की चालतं, कारण प्रिन्स्टन अजून जागेवर आहे. माणूस गेला, तो ज्या गावी गेला ते गाव आहे. म्हणून ‘कोलटकर वन’, पण ‘क्रिटिक्स हॅव रेड जेजुरी ॲज अ पोएम ऑफ डाउट’. टीका चालू आहे, कविता वाचली जाते आहे.

आणि कवितेच्या आत शिरलं की तिसराच काळ. बस थांबते, कवी बघतो, सगळं साध्या वर्तमानात. साहित्याबद्दल लिहिताना इंग्रजीत तशी रीतच आहे. एका पानावर तीन काळ आले आणि तिन्ही बरोबर आहेत.

पण त्याच्या गाइडनी समासात पेन्सिलने लिहिलंय: संपूर्ण प्रकरणात काळ एकसारखा करा. मुलाने लगेच सगळीकडे ‘हॅज’ करून टाकलं, म्हणून तर माझ्याकडे आलं. गाइडचा हेतू समजतो. विद्यार्थी काळ बदलतात ते बहुधा नजरचुकीने, म्हणून सरसकट बंदी घातली. कोलटकर मात्र त्या बंदीत बसत नाहीत. मी प्रत्येक बदलापाशी एक ओळ लिहिली: इथे साल आहे, इथे कवी नाही, इथे कविता आहे. शेवटी गाइडसाठी अर्ध्या पानाचं टिपण, शक्य तितक्या नम्र इंग्रजीत.

पावणेबाराला फाइल पाठवली. त्याने दोन मिनिटांत उत्तर दिलं: गाइडची भेट गुरुवारी आहे, टिपण छापून नेतो, पण ते तुम्ही लिहिलंय हे सांगू का नको? सांग, म्हटलं.